थांबू का घेऊ? एका रॅमच्या निमित्ताने चाळीस वर्षांचा हिशेब

मंडळी, पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

गेल्या रविवारी भाचा कोपरखैरण्याहून आमच्याकडे नेरुळला आला. बारावीची परीक्षा तोंडावर आहे, पण वहीच्या मागच्या पानावर वेगळाच अभ्यास. प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट, अशी यादी आणि पुढे किमती. बाकी सगळं नीटनेटकं, एकाच ओळीवर तीनदा खाडाखोड. ती ओळ रॅमची. म्हणाला, "मामा, गणपतीत हीच रॅम किती होती आणि आता बघ. बाबा म्हणतात थांब, कॉम्प्युटरच्या वस्तू कायम स्वस्तच होत जातात. तू सांग, थांबू का घेऊ?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की माझ्याही तोंडावर "थांब"च आलं होतं. कारण माझ्या वडिलांनी मला तेच सांगितलं होतं.

आमच्या घरात 1997 पासून कॉम्प्युटर घ्यायचा होता. वडील ऑफिसातून रोज नवी बातमी आणायचे. अमक्याने घेतला आणि सहा महिन्यांत पाच हजारांनी उतरला, तमक्याचा दुप्पट वेगाचा आला. मग आम्ही थांबायचो. शेवटी 1999 च्या दिवाळीनंतर लॅमिंग्टन रोडवरून असेंबल्ड पीसी आला. सेलेरॉन प्रोसेसर, 32 एमबी रॅम, पंधरा इंची डब्बा मॉनिटर. कॅबिनेट मांडीवर आणि मॉनिटरचा खोका दोघांच्या मध्ये, असे आम्ही हार्बर लोकलने घरी आलो. वडील खूश होते, दोन वर्षांत थेट अठरा हजार वाचवले म्हणून. हिशेब बरोबरच होता. फक्त ज्या दोन वर्षांत मी रोड रॅश खेळलो असतो, ती शेजारच्या बिल्डिंगमधल्या मित्राच्या खुर्चीमागे उभं राहून गेली. त्याचा रकाना वडिलांच्या वहीत नव्हता.

तर हे "थांब" आलं कुठून आणि ते अजून खरं आहे का, हे बघायला मी थोडा मागे गेलो.

साठ-सत्तरच्या दशकात आपल्याकडे कॉम्प्युटर म्हणजे नोकऱ्या खाणारं यंत्र. आयुर्विमा महामंडळाच्या कॉम्प्युटरविरुद्ध कलकत्त्यात कर्मचारी रस्त्यावर उतरले होते. मग सरकारने ऑटोमेशनवर समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते आपल्या पुण्याचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर. 1978 पर्यंत आयबीएमही देशातून गेली. अशा वातावरणात घरी खेळायला कॉम्प्युटर ही कल्पनाच कोणाला शिवली नसती.

बदल झाला 19 नोव्हेंबर 1984 ला. राजीव गांधी पंतप्रधान होऊन तीन आठवडेही झाले नव्हते आणि नवं कॉम्प्युटर धोरण जाहीर झालं. आयात शुल्क उतरलं, सुटे भाग आणून इथे जोडायला मोकळीक मिळाली. दोन-एक वर्षांत मद्रासच्या सी. शिवशंकरन यांच्या स्टर्लिंग कॉम्प्युटर्सने 'शिवा पीसी' आणला. इतर कंपन्यांचे पीसी त्याच्या दुपटीच्या वर असताना हा तीस-पस्तीस हजारांच्या घरात. स्वस्त म्हणून गाजला, पण तेव्हाच्या बँकेतल्या कारकुनाचा वर्षभराचा पगारही त्याला पुरला नसता. म्हणजे "थांब" हा तेव्हा सल्ला नव्हताच, नाइलाज होता.

पुढची वीस वर्षं मात्र थांबणाऱ्यांची होती. 1991 च्या जुलैत रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं, तरी त्याच वर्षीपासून आयात शुल्काच्या भिंती उतरायला लागल्या. 1997 मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि टप्प्याटप्प्याने 2005 पर्यंत कॉम्प्युटर व त्याच्या बहुतेक भागांवरचं सीमाशुल्क शून्यावर आलं. दुसरीकडे चिप दर दीड-दोन वर्षांनी दामदुप्पट ताकदीची होत होती. गॉर्डन मूर यांनी 1965 मध्ये मांडलेला अंदाज तेव्हा रेल्वेच्या टाइमटेबलपेक्षा भरवशाचा होता.

आता यातली मेख बघा. 1984 मध्ये डॉलर साडेअकरा रुपयांच्या आसपास होता, 2005 मध्ये चव्वेचाळीस. जवळपास चौपट! तरीही कॉम्प्युटर स्वस्त झाला. चिपची किंमत आणि सरकारचं शुल्क या दोन गोष्टी इतक्या वेगाने खाली येत होत्या की रुपयाची घसरण त्यात कोणाला दिसलीच नाही. "कॉम्प्युटरच्या वस्तू कायम स्वस्त होतात" हा आपल्या वडिलांच्या पिढीचा अनुभव शंभर टक्के खरा होता. फक्त त्यातलं निम्मं श्रेय शुल्ककपातीचं होतं, आणि शुल्क शून्याच्या खाली जात नाही.

लॅमिंग्टन रोडबद्दल थोडं सांगायलाच हवं, नाहीतर नवी मुंबईकराची ही गोष्ट अपुरी राहील. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, तोंडात लॅमिंग्टन रोड. रेडिओचे सुटे भाग, मग टीव्ही-टेपचे, मग कॉम्प्युटरचे, असा हा बाजार ग्रँट रोड स्टेशनच्या अंगाने वाढला. वाशीहून कुर्ला, तिथे गाडी बदलून दादर, पुन्हा बदलून ग्रँट रोड. सकाळी निघालं की दहा दुकानांत भाव विचारायचे, अकराव्या दुकानात घ्यायचं आणि घरी जाताना वाटेत पहिल्या दुकानाने फोन करून "अजून दोनशे कमी करतो" म्हणायचं. प्रत्येक दुकानात पहिला प्रश्न ठरलेला: "बिल के साथ या बिना बिल?" त्या एका प्रश्नात आपली अख्खी अप्रत्यक्ष कररचना होती. बिल घेतलं तर विक्रीकर, न घेतलं तर वॉरंटी दुकानदाराच्या मूडवर. मीही एकदा बिना बिल ग्राफिक्स कार्ड घेतलं. चार महिन्यांत ते मेलं. दुकानात गेलो तर काउंटरवरचा माणूस मला ओळखेचना. वाचवलेले सातशे, गेलेले साडेसात हजार. असो.

आपल्याकडे वाशीत सेक्टर 17 ला आणि पुढे स्टेशनसमोरच्या रघुलीलात दुकानं आली, पण ती लॅमिंग्टनचीच पिलावळ. भाव तिकडचाच, वर येण्या-जाण्याचे पैसे चढवलेले. त्यात मुंबईला जकात, आपल्या महापालिकेला उपकर, पुढे एलबीटी. एकाच माउसला खाडीच्या अलीकडे एक कर आणि पलीकडे दुसरा, असा तो काळ होता.

आणि खेळाचं काय? त्या काळात मराठी घरात गेमिंगसाठी कॉम्प्युटर कोणी घेतला नाही. घेतला तो "शिक्षणासाठी". 2001 मध्ये एमकेसीएल स्थापन झाली, एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र सरकारी नोकरीला लागू लागलं आणि महाराष्ट्रभर हजारो घरांत त्या नावाखाली कॉम्प्युटर शिरला. आई-बाबा झोपले की त्याच एमएस-सीआयटीच्या कॉम्प्युटरवर आयजीआय आणि व्हाइस सिटी चालायचं. ज्यांच्याकडे तेही नव्हतं ते सायबर कॅफेत तासाला वीस-तीस रुपये देऊन काउंटर-स्ट्राइक खेळायचे. त्या पिढीला ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय हे कॅफेवाल्याने शिकवलं.

माझ्या मते नवी मुंबईत कॉम्प्युटर जोडायला सगळ्यात चांगला काळ होता 2005 ते 2011. शुल्क शून्य, राज्यात व्हॅट आयटी वस्तूंवर आधी चार, मग पाच टक्के, आणि 2008 च्या सुरुवातीला तर डॉलर चाळिसाच्याही खाली. पण तेव्हा आम्ही काय केलं? थांबलो! 2007 मध्ये क्रायसिस आला. माझ्या एका मित्राने खास त्या एका खेळासाठी पीएफमधून पैसे काढून मशीन बांधलं. खेळ बाहेर आला आणि त्या मशीनवर सगळी सेटिंग वर नेली की बैलगाडीसारखा चालायचा. हा किस्सा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता रॅमकडे येऊ. भाच्याला वाटतं रॅम महागण्याचा प्रसंग जगात पहिल्यांदाच आला. तसं नाही. 1993 च्या जुलैत जपानमध्ये निहामा इथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपवर कवच चढवायला लागणाऱ्या रेझिनचा जगातला मोठा वाटा तिथून यायचा. मेमरीचे भाव दुपटीच्या आसपास गेले, मग उतरले. 21 सप्टेंबर 1999 ला तैवानमध्ये भूकंप झाला आणि पुन्हा तेच. आमचा सेलेरॉन नेमका त्यानंतर घेतलेला, म्हणून 64 ऐवजी 32 एमबी. वडील म्हणाले होते, "नंतर वाढवू." एक-दीड वर्षात वाढवली, निम्म्याहून कमी पैशात. 2011 च्या पावसाळ्याअखेर थायलंडमध्ये पूर आला, हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि लॅमिंग्टनवर डिस्कचा भाव दुपटीच्या पलीकडे. खाली यायला वर्षाच्या वर लागलं.

मध्ये एकदा तर आपत्ती नव्हती, चक्क संगनमत होतं. 1999 ते 2002 या काळात मेमरी बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी आपसात ठरवून भाव चढे ठेवले. अमेरिकेच्या न्याय खात्याने खटले भरले. इन्फिनिऑन, हायनिक्स आणि सॅमसंगने गुन्हा कबूल केला, 2005 मध्ये एकट्या सॅमसंगने तीस कोटी डॉलर दंड भरला. आपल्यापैकी ज्यांनी त्या वर्षांत रॅम घेतली त्यांनी त्यात खारीचा वाटा उचलला होता, कोणाला कळलंही नाही.

स्फोट, भूकंप, पूर यांचं एक बरं असतं, ते संपतात. कारखाना पुन्हा उभा राहिला की भाव पडतो. म्हणून थांबणाऱ्याचा शेवटी फायदा होतो. पण 2017 पासून नवा प्रकार सुरू झाला. तुमच्याच दुकानात तुमच्याहून श्रीमंत गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. आधी ते क्रिप्टोवाले होते. ग्राफिक्स कार्डावर इथेरियम काढता येतं म्हटल्यावर लोकांनी डझनावारी कार्डं उचलली. 2021 च्या फेब्रुवारीत आरटीएक्स 3060 आलं, यादीतली किंमत तीस हजारांच्या आत, दुकानात मागतील ती. कोरोनाची टाळेबंदी, ऑनलाइन शाळा, चिपचा तुटवडा, सगळं एकत्र. तेव्हा थांबलेल्यांना दीड वर्ष थांबावं लागलं. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियमने पद्धत बदलली, ग्राफिक्स कार्डांची गरजच संपली आणि मायनिंगमध्ये दिवसरात्र भाजलेली कार्डं "घरगुती वापर, एका मालकाचं" म्हणून विकायला आली.

आताचं गिऱ्हाईक त्याहून मोठं आहे. आणि मंडळी, ते आपल्याच गावात राहतं.

ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना जुन्या लोकांना अजून केमिकल कंपन्यांचा वास आठवत असेल. त्याच टीटीसी पट्ट्यात, ऐरोली, रबाळे, महापे भागात आता बिनखिडक्यांच्या प्रचंड इमारती आहेत. आत माणसं थोडी, मशीन फार, बाहेर जनरेटरच्या रांगा. ही डेटा सेंटरं. देशातल्या डेटा सेंटरच्या क्षमतेपैकी जवळपास निम्मी मुंबई-नवी मुंबई पट्ट्यात आहे. समुद्राखालच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात आणि एमआयडीसीत वीज, पाणी, जमीन आहे, म्हणून. पनवेलजवळ योट्टाचं एनएम-1 हे केंद्र 2020 च्या जुलैत सुरू झालं, 2024 मध्ये तिथे एनव्हिडियाच्या एच-100 ची खेप उतरली. असल्या एका एच-100 वर 80 जीबी मेमरी असते. भाच्याच्या यादीतल्या कार्डावर आठ.

आता तुम्ही म्हणाल, त्यांची मेमरी वेगळी, आपली रॅम वेगळी. बरोबर. पण दोन्ही बनतात त्याच तीन कंपन्यांकडे: सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन. एआयच्या कार्डांना लागणारी एचबीएम नावाची मेमरी बनवायला मायक्रॉनच्याच सांगण्याप्रमाणे साध्या रॅमच्या साधारण तिप्पट सिलिकॉन लागतं, आणि नफाही जास्त. मग कारखानदार कोणाला प्राधान्य देईल? 1 ऑक्टोबर 2025 ला ओपनएआयने सॅमसंग आणि एसके हायनिक्सशी बोलणी जाहीर केली, महिन्याला नऊ लाख वेफरपर्यंतच्या गरजेची. दिवाळी होते न होते तोच रॅमचे भाव दुप्पट, मग तिप्पट. 3 डिसेंबरला मायक्रॉनने सांगून टाकलं की क्रुशल या नावाने किरकोळ ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकणं आम्ही बंद करतोय. लॅमिंग्टनवर वर्षानुवर्षं "क्रुशल है तो ले लो, आँख बंद करके" म्हणणारे दुकानदार मला आठवले.

योगायोग बघा, त्याच 3 डिसेंबरला डॉलरने नव्वदी पार केली.

या डॉलरचं आपण कधी बोलतच नाही, म्हणून भाच्याच्याच वहीत मी एक हिशेब मांडला. 2016 मध्ये जीटीएक्स 1060 आलं, 249 डॉलरला. तेव्हाच्या 67 रुपये दराने 16,683 रुपये. 2025 च्या मे महिन्यात त्याच घराण्यातलं आरटीएक्स 5060 आलं, 299 डॉलरला. 85 च्या दराने 25,415 रुपये. अमेरिकेतल्या पोराला नऊ वर्षांत वीस टक्के महाग पडलं, कोपरखैरण्याच्या पोराला बावन्न टक्के. हा कर धरायच्या आधीचा हिशेब. 18 टक्के जीएसटी चढवला की तीस हजार. शुल्काची भिंत 2005 ला पडली तेव्हा रुपयाच्या घसरणीला झाकणारा पडदाही पडला, पण ते लक्षात यायला आपल्याला दहा वर्षं लागली. आणि चिपचं म्हणाल तर 2022 मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनीच सांगितलं की मूरचा नियम आता मेला. त्यांना माल विकायचा असतो हे धरूनही, त्यांच्या किमतींकडे बघून ते खोटं म्हणवत नाही.

करांचंही थोडक्यात. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, कॉम्प्युटर 18 टक्क्यांत गेला, मोठा मॉनिटर तर 28 टक्क्यांत. म्हणजे कॅबिनेट गरज आणि मॉनिटर चैन! 2019 च्या जानेवारीपासून 32 इंचांपर्यंतचे मॉनिटर 18 टक्क्यांवर आले. गेल्या 22 सप्टेंबरला जीएसटी उतरला तेव्हा दुकानादुकानांत पताका लागल्या, पण कॉम्प्युटर जिथे होता तिथेच, 18 वर. फायदा झाला तो 32 इंचांच्या वरच्या पडद्यांना. 3 ऑगस्ट 2023 ला लॅपटॉप-टॅबलेटच्या आयातीवर परवान्याचा फतवा निघाला तेव्हाही दोन दिवस दुकानांत झुंबड उडाली. त्या यादीत सुटे भाग नव्हतेच, पण अफवेला यादी वाचायची सवय नसते. त्या आठवड्यात घाबरून घेणाऱ्यांनी जास्त पैसे मोजले, आणि पुढे सरकारने मुदत वाढवत वाढवत परवान्याऐवजी नोंदणीवर आणलं.

तेव्हा भाच्याला मी काय सांगितलं?

आधी विचारलं, "तुला नक्की काय खेळायचंय?" तो म्हणाला, आत्ता व्हॅलोरंट, पण खरं म्हणजे जीटीए सिक्ससाठी मशीन तयार ठेवायचंय. म्हटलं, बाळा, तो खेळ 19 नोव्हेंबर 2026 ला येणार आहे, तोही प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर. पीसीची तारीख कंपनीने सांगितलेलीच नाही. मागचा जीटीए फाइव्ह कन्सोलवर आला सप्टेंबर 2013 ला आणि पीसीवर एप्रिल 2015 ला, म्हणजे एकोणीस महिन्यांनी. रेड डेड दोनला वर्षाहून थोडं जास्त लागलं. तू आज सगळ्यात महाग भावाने रॅम घेऊन अशा खेळाची वाट बघणार, जो तुझ्या मशीनवर येईपर्यंत मशीन जुनं झालेलं असेल. माझ्या त्या क्रायसिसवाल्या मित्राचं हेच झालं. खेळ पीसीवर येऊ दे, लोकांच्या मशीनवर तो कसा पळतो ते दिसू दे, मग मशीन घे. त्याच्या आधी घेतलेलं मशीन हा सट्टा असतो.

"म्हणजे बाबांचंच खरं, थांबायचं?"

इथे मला 1999 आठवलं. भावोजींशी मी फोनवर बोललो तेव्हाही तेच म्हटलं: खरेदीला थांबा, पण पोराला खेळायला थांबवू नका. आपण लहानपणी या दोन गोष्टी एकच समजलो, कारण तेव्हा जुनं मशीन मिळायचंच नाही आणि मिळालं तर दोन वर्षांत ते निकामी व्हायचं. आता तसं नाही. चिपचा वेग मंदावला याची एक चांगली बाजू अशी की आठ वर्षांपूर्वीचं मशीन आज भंगारात जात नाही. माझ्याकडे 2018 चा पीसी आहे, जीटीएक्स 1060 आणि 16 जीबी डीडीआर-4. ऑफिसच्या लॅपटॉपमुळे दीड वर्ष झाकण घालून ठेवलेला. व्हॅलोरंट त्यावर आरामात पळतं, जीटीए फाइव्हही. एसएमपीएस तेवढा नवा टाकायचा, कारण जुना एसएमपीएस मरताना बाकीच्यांना घेऊन जातो, आणि तिथे पैसे वाचवू नयेत. फॅनमधली धूळ काढायची, प्रोसेसरवरची पेस्ट बदलायची. सगळं मिळून पाच-सहा हजारांत काम होतं. हे नाही जमलं तर कन्सोल हाही मार्ग आहे, पण त्यावर अभ्यासाचं नाव सांगता येत नाही, म्हणून आपल्या घरांत तो कधी फारसा रुजला नाही.

भावोजींनी बरोबर प्रश्न विचारला, "आणि भाव उतरलेच नाहीत तर?" शक्य आहे. मेमरीच्या धंद्यात आजवर प्रत्येक टंचाईनंतर महापूर आलाय, कारण भाव चढले की सगळे कारखाने वाढवतात आणि मग सगळ्यांचा माल एकदम येतो. पण नवा कारखाना उभा राहायला दोन-तीन वर्षं जातात. त्यामुळे यंदाच्या दिवाळीत स्वस्ताई येईल अशा आशेवर मी थांबणार नाही. आणि रुपया पन्नासवर परत येईल अशा आशेवर तर मुळीच नाही. ज्याच्याकडे आज काहीच मशीन नाही आणि ज्याला कॉलेजच्या डिझाइनच्या किंवा व्हिडिओ एडिटिंगच्या कामाला ते लागणारच आहे, त्याने घ्यावं. मदरबोर्ड असा घ्यावा की ज्याच्यावर पुढचे प्रोसेसर बसतील. रॅम एकच 16 ची स्टिक लावावी, दुसरा स्लॉट रिकामा ठेवावा. एका स्टिकने वेग थोडा मार खातो, खाऊ दे. आमच्या वडिलांचं "नंतर वाढवू" 1999 मध्ये बरोबर निघालं होतं. एक स्टिक काढून वापरलेल्या बाजारात घ्यायची असेल तर समोर चालवून, मेमरी टेस्ट लावून घ्या. आणि बिल घ्या, हात जोडून सांगतो.

रविवारी संध्याकाळी आम्ही दोघांनी तो 2018 चा पीसी उघडला. ब्रशने धूळ काढताना त्याने रॅमच्या दोन्ही स्टिक हातात धरून मोबाइलवर आजचा भाव बघितला आणि म्हणाला, "मामा, या विकून टाकल्या तर?" व्यापारी रक्त आमच्या घराण्यात कुठून आलं कोण जाणे. परत बसवायला लावल्या.

रिक्षाने त्याला सोडायला गेलो. कॅबिनेट त्याच्या मांडीवर, गोधडीत गुंडाळलेलं. महाप्याच्या बाजूने जाताना त्या बिनखिडक्यांच्या इमारतींकडे बोट दाखवून विचारलं, "यात काय असतं?" म्हटलं, "तुझी रॅम."

पॉवर केबल मात्र मी काढून ठेवली आहे, परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की मिळेल. तशी ती केबल सेक्टर 17 ला दीडशे रुपयांत मिळते. हे त्याला माहीत आहे, आणि त्याला ते माहीत आहे हे मला.